संशोधनासाठी एकत्र बसणाऱ्यांची यादी सरकारने छापावी

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

ई-२० पेट्रोलवर, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर, तुमच्याकडे वाचकांची भरपूर पत्रं येतायत, मायलेज उतरलं, जुनी स्कूटर गळायला लागली, मेकॅनिक म्हणतो रबर गेलं, ती सगळी मी वाचतो कारण माझं पोटच त्या रबरावर आहे. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये माझं रबर मोल्डिंगचं छोटं युनिट आहे, ओ-रिंग, गॅस्केट, पेट्रोलच्या लाइनला लागणारे सील, बुश असला माल आम्ही काढतो. पण आज पेट्रोल चांगलं की वाईट यावर लिहीत नाहीये. त्याच्या मागे एक कायद्याची गोष्ट अडकलेली आहे आणि तिच्यावर कुणी बोलताना दिसत नाही, ती म्हणजे एकमेकांचे स्पर्धक असलेले छोटे कारखाने संशोधनासाठी एकत्र आले तर आपला कायदा त्यांच्याकडे कसा बघतो, आणि अशा एकत्र येण्याची सरकारी नोटीस निघायला हवी की नको. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, निघायलाच हवी, नावांसकट, आणि त्या बदल्यात संरक्षणही मिळायला हवं.

आधी रबराचं थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. साध्या पेट्रोलला चालणारं नायट्राइल रबर इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये जास्त फुगतं, नरम पडतं, त्यातलं प्लॅस्टिसायझर, म्हणजे रबर मऊ ठेवणारं द्रव्य, हळूहळू बाहेर निघून जातं, आणि मग गाडी बरेच दिवस उभी राहिली की तेच सील सुकून आक्रसतं आणि तिथून गळती सुरू होते. पेट्रोलियम मंत्रालयाने स्वतःच ऑगस्ट २०२५ मध्ये खुलासा केला होता की काही जुन्या गाड्यांमध्ये २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात आणि तो खर्च फार नाही. मान्य, खर्च फार नाही, पण बदलून जे घालायचं ते ई-२० ला टिकणारं आहे हे कोण तपासणार? मोठ्या गाडी कंपन्यांचं त्यांच्या लॅबमध्ये होतं. कोपऱ्यावरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात जो माल जातो तो आमच्यासारख्यांकडून जातो.

तपासायचं कसं ते काही गुपित नाही. रबराचा ठरलेल्या मापाचा तुकडा कापायचा, आधी हवेत वजन करायचं मग पाण्यात बुडवून, त्यावरून त्याचं आकारमान काढायचं, मग इथेनॉल घातलेल्या टेस्ट फ्युएलच्या बरणीत घट्ट झाकण लावून ठेवायचा, ७० तास, १६८ तास, आणि खरं कळायचं असेल तर १,००० तास. मग बाहेर काढून लगेच पुसून परत वजन, परत हार्डनेस, परत ओढून बघायचं किती ताणात तुटतो. नंतर वाळवून पुन्हा मोजायचं, कारण फुगण्याइतकंच आक्रसणंही महत्त्वाचं. हे एका कंपाउंडचं, म्हणजे रबराच्या एका मिश्रणाचं, झालं. नायट्राइलमध्ये अॅक्रिलोनायट्राइलचं प्रमाण वाढवलं की पेट्रोलला टिकाव वाढतो पण थंडीत रबर कडक होतं, फ्लोरो रबर घ्यावं तर ते उत्तम टिकतं पण भाव असा की शंभर दीडशे रुपयांच्या रिपेअर किटमध्ये ते परवडतच नाही, म्हणजे मधला रस्ता शोधायला पाच-पंचवीस रेसिपी करून बघाव्या लागतात, प्रत्येकीच्या बरण्या वेगळ्या, प्रत्येकीचे तास वेगळे. एकट्या युनिटला हा खर्च आणि हा वेळ झेपत नाही. आणि मजा अशी की आमच्या लाइनीतला प्रत्येक जण त्याच त्या रेसिपी आपापल्या शटरमागे करून बघतोय आणि त्याच त्या ठिकाणी फसतोय.

म्हणून आम्ही काही युनिटवाले बसलो. डोक्यात साधं होतं, सगळ्यांनी मिळून एक रबर टेक्नॉलॉजिस्ट ठेवायचा, टेस्टिंगचे पैसे वाटून घ्यायचे, निकाल सगळ्यांनी वापरायचे. आपल्या वागळेतच रोड नंबर १६ ला इंडियन रबर मॅन्युफॅक्चरर्स रिसर्च असोसिएशनची लॅब आहे, नावच सांगतं की रबर कारखानदारांच्या एकत्र संशोधनासाठी ती उभी राहिली, केंद्राच्या वाणिज्य आणि उद्योग मंत्रालयाशी ती जोडलेली आहे, तिकडे कोलशेतला वूल रिसर्च असोसिएशन आहे, तीही तशीच लोकरवाल्यांची. म्हणजे ठाण्याला एकत्र संशोधन ही काही नवलाची गोष्ट नाही. सॅम्पल नेऊन द्यायचा आणि आपला रिपोर्ट आणायचा यात कुणालाच अडचण नाही. अडचण पुढे आहे, रिपोर्ट एकमेकांना दाखवायचे, सगळ्यांनी मिळून एकच कंपाउंड पक्कं करायचं, त्या रेसिपीची मालकी सामायिक ठेवायची, इथे कायदा येतो.

त्या बैठकीत जे झालं ते खरं खरं लिहितो. टेस्टिंगचं बोलणं तासभर छान चाललं, कार्बन ब्लॅक कुठला, क्युअरिंगचं तापमान किती, कुणाकडे रबर मळायचा नीडर मोकळा असतो, सगळं मोकळेपणाने. मग चहा आला आणि चहाबरोबर एक जण सहज म्हणाले की एवढे सगळे जमलोच आहोत तर किटच्या रेटचंही एकदा ठरवून टाकू ना, उगाच एकमेकांचे गळे कशाला कापायचे. दोन-तीन माना हलल्या. मी आणि अजून एकाने लगेच सांगितलं की हा विषय इथे नको, आणि विषय तिथे थांबला, पण तो निघाला हे महत्त्वाचं आहे. माणसं वाईट नाहीत ती, वर्षानुवर्षं ओळखतो मी त्यांना, पण धंद्यातली माणसं बंद दाराआड बसली की गाडी रेटवर येतेच.

नंतर एका सल्लागाराला विचारलं तर त्याने सांगितलं की सोडून द्या, स्पर्धकांनी एकत्र बसणं म्हणजे आगीशी खेळ, आणि बसलातच तर निदान काही लिहून ठेवू नका. मला हा सल्ला फार वाईट वाटला, म्हणजे जो चांगल्या कामासाठी बसलाय त्यालाही चोरासारखं बसायला सांगायचं. बरं त्या माणसाचंही चुकत नव्हतं. कॉम्पिटिशन अॅक्ट २००२ चं कलम ३ वाचा. त्याच्या पोटकलम ३ मध्ये स्पर्धकांमधले असे करार दिलेत जे झाले की स्पर्धेला घातक आहेत असं गृहीतच धरलं जातं, भाव ठरवणं, बाजार वाटून घेणं, टेंडरमध्ये संगनमत, आणि उत्पादन, पुरवठा यांच्याबरोबरच तांत्रिक विकास मर्यादित करणं किंवा ताब्यात ठेवणं हेही त्यात आहे. आता आम्ही दहा जणांनी ठरवलं की सगळ्यांनी हेच कंपाउंड वापरायचं, तर एखादा म्हणू शकतो की तुम्ही तांत्रिक विकास जखडलात. आम्ही म्हणू सुधारणा केली. कोण बरोबर ते चौकशीनंतर कळणार, आणि तोवर वकिलाची फी भरून युनिट रिकामं.

याच कलमाला एक सवलतही जोडलेली आहे, जॉइंट व्हेंचरने केलेला करार उत्पादन, पुरवठा, वितरण वगैरेमधली कार्यक्षमता वाढवत असेल तर हे गृहीतक लागू नाही. शिवाय कलम १९ च्या पोटकलम ३ मध्ये कॉम्पिटिशन कमिशनने, म्हणजे स्पर्धा आयोगाने, काय काय बघायचं ते दिलंय आणि त्यात ग्राहकांचा फायदा आहे, तांत्रिक आणि वैज्ञानिक विकासाला चालना हेही आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांना संशोधनाचं महत्त्व कळत नव्हतं असं नाही. पण हे सगळं नंतरचं बचावाचं सामान आहे. प्रकरण उभं राहिल्यावर तुम्ही ते मांडायचं. आधी जाऊन, बाबांनो आम्ही हे हे करतोय, ही आमची नावं, चालेल ना, असं विचारायची साधी सोय छोट्या माणसाला नाही. आणि दंड बघा, कार्टेल, म्हणजे स्पर्धकांचं संगनमत, ठरलं तर जितकी वर्षं चाललं तितक्या प्रत्येक वर्षाच्या नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या १० टक्के, यातलं जे जास्त असेल तिथपर्यंत. २०२३ च्या दुरुस्तीनंतर तर असा करार जुळवून आणण्यात भाग घेणारा, स्वतः त्या धंद्यात नसला तरी, त्यात ओढला जाऊ शकतो. मग कुठली संघटना अशा बैठकीला हॉल देईल?

कमिशनला हे कळत नाही असंही मी म्हणणार नाही. कोविडमध्ये एप्रिल २०२० ला त्यांनीच उद्योगांसाठी एक सूचनापत्रक काढलं होतं, की या काळात साठ्याची माहिती, वाहतूक, वितरण, अगदी संशोधन आणि उत्पादन यात कंपन्यांना एकमेकांशी जुळवून घ्यावं लागेल, ते आम्ही समजून घेऊ, पण कोविडचं निमित्त करून भलतं काही करू नका. चांगलं होतं ते. फक्त ते संकटापुरतं होतं.

आता अमेरिकेचं सांगतो, कारण हे पत्र लिहायचं मनात आलं ते तिथल्या एका कागदामुळे. आमचा थोडा माल तिकडे जातो, तिकडच्या एका गिऱ्हाइकाने विचारलं की सीलच्या टेस्टिंगचा एक सामायिक ग्रुप आहे, त्यात सभासद होणार का, आणि सभासदत्वाच्या कागदात एक कलम होतं की तुमचं नाव अमेरिकेच्या अॅटर्नी जनरलकडे आणि फेडरल ट्रेड कमिशनकडे कळवलं जाईल. घरी सगळे म्हणाले की परदेशी सरकारकडे आपलं नाव कशाला. मग मी त्या नोटिसा बसून वाचल्या. फेडरल रजिस्टर म्हणून त्यांचं गॅझेट आहे, कामाच्या प्रत्येक दिवशी निघतं, त्यात न्याय खात्याच्या अँटीट्रस्ट, म्हणजे स्पर्धा मारणाऱ्या संगनमताविरुद्धच्या कायद्याच्या, विभागाच्या नावाने या छोट्या नोटिसा येत राहतात. एका नोटिशीत असतं काय, तर अमुक तारखेला अमुक संशोधन गटाने दोन्ही खात्यांना एकाच वेळी लेखी कळवलंय की त्यांच्या सभासदांत बदल झालाय, मग नव्याने आलेल्यांची नावं गाव आणि देशासकट, मग सोडून गेलेल्यांची नावं, मग बाकी काही बदल नाही, आणि सभासदत्व अजून खुलं आहे. झाली नोटीस. त्यात पुणे, बंगळुरूच्या कंपन्यांची नावंही दिसतात. ज्या कामासाठी ही नावं छापतात ते कारणही नोटिशीतच लिहिलेलं असतं, की विशिष्ट परिस्थितीत अँटीट्रस्टच्या दाव्यात भरपाई प्रत्यक्ष नुकसानीपुरतीच राहावी हे कायद्याचं संरक्षण मिळावं म्हणून.

हे समजायला तिथला कायदा थोडा बघावा लागतो. अमेरिकेत संगनमताने ज्याचं नुकसान झालं तो कोर्टात गेला आणि जिंकला तर त्याला नुकसानीच्या तिप्पट रक्कम मिळते, ही तरतूद फार जुनी आहे. त्या तिपटीच्या भीतीने कंपन्या चांगल्या कामासाठीही एकत्र यायला कचरायच्या. १९७६ ते १९८० जपानने आपल्या कंपन्यांना सोबत घेऊन चिप बनवण्याचा मोठा सामायिक प्रकल्प केला, त्यात ते पुढे गेले, आणि अमेरिकेचे डोळे उघडले. १९८४ ला त्यांनी संशोधनासाठीचा कायदा केला, १९९३ ला त्यात एकत्र उत्पादनही आलं, २००४ ला स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्था आल्या. कायद्याचा सौदा असा आहे की करार केल्यापासून ९० दिवसांत दोन्ही खात्यांना लेखी कळवा, कोण कोण आहे आणि काम काय, मग सरकार ते छापणार, आणि ते छापलं की त्या कळवलेल्या कामापुरती तुमच्यावरची तिप्पट भरपाई जाऊन प्रत्यक्ष नुकसान, व्याज आणि खर्च एवढीच राहते. शिवाय असा संशोधनाचा करार आपोआप बेकायदा न मानता त्याचे फायदे-तोटे तोलून बघायचे असं कोर्टावर बंधन. सभासद वाढला की पुन्हा कळवा, गेला की पुन्हा कळवा. टेक्सासला ऑस्टिनमध्ये सेमाटेक म्हणून चिप कंपन्यांचा गट १९८७ ला उभा राहिला, १४ अमेरिकन कंपन्या, बाजारात एकमेकांच्या उरावर बसणाऱ्या, पण संशोधनाला एकत्र, तो या १९८४ च्या कायद्यानंतरच.

यात मला सगळ्यात पटलं ते हे, की ही माफी नाही. भाव ठरवलात तर नोटीस छापली म्हणून तुम्ही सुटत नाही, सरकार खटला भरायचा तो भरणारच. आणि न कळवलेल्या कामाला संरक्षणच नाही. जितकं उघड्यावर ठेवलं तितकंच झाकलं जातं, हा व्यवहार मला फार स्वच्छ वाटला. युरोपने वेगळा मार्ग घेतलाय, तिथे १ जुलै २०२३ पासून संशोधन करारांसाठी नवा नियम आहे, स्पर्धकांचा एकत्र बाजारहिस्सा २५ टक्क्यांच्या आत असेल आणि बाकी अटी पाळल्या तर करार आपोआप सुरक्षित, कुणाला कळवायची गरज नाही. छोट्यांना तेही सोयीचं, पण त्यात लोकांना काही दिसत नाही. आपल्यासारख्या ठिकाणी मला दिसणं जास्त गरजेचं वाटतं.

आता कुणी म्हणेल अमेरिका युरोपचं इथे काय. म्हणून न्हावाशेव्याचं उदाहरण देतो, ते तर आपल्या नवी मुंबईच्या दारात आहे. कंटेनर जहाजांच्या कंपन्या एकमेकांच्या जहाजांवरच्या जागा वाटून वापरतात, आज तुझं जहाज जातंय तर माझेही डबे घे, पुढच्या आठवड्यात माझं जाईल, त्याला व्हेसल शेअरिंग करार म्हणतात. हे सरळ सरळ स्पर्धकांमधले करार आहेत. केंद्राच्या कॉर्पोरेट अफेअर्स मंत्रालयाने २०१३ ला कॉम्पिटिशन अॅक्टच्या कलम ५४ खाली अधिसूचना काढून या करारांना कलम ३ मधून सूट दिली आणि नंतर वेळोवेळी ती वाढवली. अट काय तर त्यात भाव ठरवणं नको, क्षमता किंवा विक्री आवळणं नको, बाजार किंवा गिऱ्हाइकं वाटून घेणं नको, आणि कराराच्या प्रती डायरेक्टर जनरल ऑफ शिपिंगकडे दाखल करायच्या, त्यांनी लक्ष ठेवायचं. म्हणजे आपल्याकडे रस्ता आहे. नवीन कायदा लागत नाही, संसदेत जायला लागत नाही, कलम ५४ तिथेच आहे, सार्वजनिक हितासाठी एखाद्या वर्गाच्या उद्योगांना ठरावीक मुदतीसाठी सूट देता येते. जगातल्या मोठमोठ्या जहाज कंपन्यांना जी सूट मिळू शकते ती वागळे, रबाळे, महापे, तळोजाच्या छोट्या युनिटांना संशोधनापुरती मिळायला काय हरकत आहे? मुदतीचं महत्त्वही याच धंद्यात दिसतं. युरोपने जहाज कंपन्यांच्या अशा गटांना दिलेली वेगळी सूट २५ एप्रिल २०२४ ला संपू दिली, परत वाढवली नाही, कारण तपासून बघितल्यावर त्यांना ती गरजेची वाटली नाही. सूट दिली की कायमची चिकटते असं नाही, मुदत लिहिली असेल तर ती काढून घेता येते.

दुसरी बाजूही मी लपवणार नाही, आणि ती माझ्याच रबरातली आहे. टायर कंपन्यांच्या प्रकरणात कमिशनने पाच मोठ्या कंपन्यांवर मिळून १,७८८ कोटींचा दंड लावला होता, आदेश २०१८ चा, पण कोर्टकचेरीमुळे तो जाहीर झाला २०२२ मध्ये. त्यांच्या संघटनेलाही दंड होता. ठपका हा की संघटनेच्या व्यासपीठावरून भावाबद्दलची संवेदनशील माहिती एकमेकांत फिरत होती आणि २०११-१२ मध्ये बदली टायरच्या किमती मिळून वाढवल्या गेल्या. तक्रार होती टायर डीलरांची. डिसेंबर २०२२ मध्ये अपील ट्रिब्युनलने ते प्रकरण कमिशनकडे फेरविचाराला परत पाठवलं, तेव्हा कोण दोषी कोण नाही यावर मी बोलत नाही. पण एकाच धंद्यातली माणसं एका टेबलावर बसली की त्या टेबलावर काय काय येऊ शकतं याबद्दल डीलरची, गिऱ्हाइकाची शंका खोटी कशी म्हणणार? आमच्या चहाच्या वेळी तेच आलं होतं. म्हणून नुसती सूट द्या असं मी कधीच म्हणणार नाही. नुसती सूट मिळाली तर उद्या प्रत्येक कार्टेल स्वतःला संशोधन गट म्हणवून घेईल.

माझी मागणी अशी आहे. कॉर्पोरेट अफेअर्स मंत्रालयाने कलम ५४ खाली सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या संशोधन गटांसाठी अधिसूचना काढावी, पाच वर्षांची, त्यानंतर तपासून मगच पुढे. गटाने लेखी करार करावा, ९० दिवसांत कमिशनला कळवावं, आणि कमिशनने गटाचं नाव, कामाचं स्वरूप आणि सगळ्या सभासदांची नावं गावासकट ई-गॅझेटमध्ये छापावी, कुणी आलं गेलं तर परत छापावी. जहाजवाल्यांच्या ज्या तीन अटी आहेत त्या जशाच्या तशा, भाव नाही, उत्पादन आवळणं नाही, गिऱ्हाइकं वाटणं नाही, आणि त्यात चौथी घालावी की सभासदत्व खुलं राहील, म्हणजे वाजवी वर्गणी भरणाऱ्या युनिटला नाही म्हणता येणार नाही, नाहीतर जुने दहा जण रेसिपी धरून बसतील आणि नवा पोरगा बाहेर. बैठकीचं इतिवृत्त ठेवणं सक्तीचं करावं. काही लिहू नका म्हणणाऱ्या सल्ल्याला त्याने कायमचा आळा बसेल, लिहिलेलं असेल तरच संरक्षण, हे एकदा कळलं की माणसं आपोआप लिहायला लागतात आणि लिहायला लागली की जिभेलाही लगाम बसतो.

रेसिपीचं काय, ती पण छापायची का, असं माझ्या शेजारच्या युनिटवाल्याने विचारलं. नाही. अमेरिकेतही नोटिशीत कामाचं क्षेत्र ढोबळ शब्दांत येतं, बाकी दाखल केलेली कागदपत्रं माहितीच्या कायद्याखाली बाहेर येत नाहीत. कुठल्या रबरात काय किती घातलं हे आमचं पोट आहे, ते आमच्याकडेच राहावं. कोण कुणाबरोबर बसतंय एवढं जगाला कळलं पाहिजे.

एक गोष्ट मात्र अमेरिकेपेक्षा आपण चांगली करावी असं मनापासून वाटतं. त्यांच्या नोटिसा वकिलांनी वकिलांसाठी लिहिल्यासारख्या आहेत, तीच तीच वाक्यं, कामाचं स्वरूप म्हणाल तर बदलाच्या नोटिशीत पहिल्या नोटिशीचा नुसता पत्ता दिलेला असतो, ज्याला कळायचं आहे त्याने मागचं शोधत बसायचं. आपल्याकडे नोटीस मराठीतही निघावी आणि प्रत्येक वेळी दोन ओळीत लिहावं की हा गट काय शोधतोय. डीलरला कळलं पाहिजे, कामगाराला कळलं पाहिजे, ज्याच्या स्कूटरमध्ये ते सील जाणार त्याला कळलं पाहिजे. जमिनीच्या व्यवहाराच्या जाहीर नोटिसा तुमच्या पेपरात रोज येतात आणि लोक त्या बारकाईने वाचतात, हरकत असेल तर कळवतात, अर्धी ठाणेकर मंडळी फ्लॅट घेताना तेच करतात. तशीच एक नोटीस जिल्ह्यातल्या संशोधन गटांची आली तर कुणीतरी वाचेलच, आणि एखाद्या डीलरला वाटलं की हे लोक संशोधनाच्या नावाने रेट ठरवतायत तर त्याला निदान नावं माहीत असतील.

फॉर्म भरायची सोय जिल्हा उद्योग केंद्रात व्हावी ही अजून एक विनंती. दिल्लीचं कमिशन आमच्यासाठी फार लांब आहे आणि आमच्यातले बरेच जण इंग्रजी कागद बघितला की सीएकडे धाव घेतात, मग तिथेच फी सुरू. क्लस्टर योजनेखाली सामायिक सुविधा केंद्रं उभी करताना उद्योग केंद्र असल्या युनिटांची कागदपत्रं हाताळतंच, म्हणजे स्पर्धकांनी एकत्र येऊन सामायिक मशिनरी घ्यावी यासाठी सरकार अनुदान देतं. मशिन एकत्र घेतलं तर अनुदान आणि त्या मशिनवरचे निकाल एकत्र वापरले तर भीती, हे कुठेतरी जुळवायला नको का?

मोठ्या उद्योगांच्या एकत्र संशोधनाची सरकारला काळजी आहे, ६जी साठी भारत ६जी अलायन्स २०२३ ला झाली, क्वांटम मिशनला ६,००३ कोटी मंजूर झाले आणि त्याचं एक केंद्र आपल्या पवईच्या आयआयटीत आहे. चांगलं आहे, अभिमान वाटतो. पण ई-२० पेट्रोल आज टाकीत आहे, सील आज गळतंय. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत, १९६२ पासूनची, इथे पिढ्यान्‌पिढ्या हाताने शिकलेली माणसं आहेत, ज्यांना मिलवरचं रबर बोटाने दाबून कळतं की सल्फर कमी पडलंय. ही माणसं एकत्र बसली तर वर्षभरात परवडणारं ई-२० चं कंपाउंड निघेल असं मला मनापासून वाटतं. आमचा गट सध्या थांबलाय, टेक्नॉलॉजिस्टला नको म्हणून कळवलंय, आणि जो तो आपापल्या बरण्या भरून बसलाय.

या पत्राची प्रत मी कॉर्पोरेट अफेअर्स मंत्रालय, स्पर्धा आयोग आणि आपल्या खासदारांच्या कार्यालयाला पाठवतोय. ज्या युनिटवाल्यांना, डीलरांना यावर काही म्हणायचं असेल, अगदी विरोधातलं असलं तरी, त्यांनी याच सदरात लिहावं, डीलरांनी तर नक्की लिहावं, अटींमध्ये अजून काय हवं ते त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळतं. आणि संपादक साहेब, पत्र लांबलंय हे मला माहीत आहे, जागेसाठी कापावं लागलं तर बरण्यांचं आणि अमेरिकेच्या इतिहासाचं कापा, पण चार अटींचा आणि इतिवृत्ताचा भाग तेवढा पूर्ण छापा, कारण तो गाळून नुसती सूट मागितली असं छापून आलं तर त्यापेक्षा पत्र न छापलेलं बरं.

आपला,
एक रबर पार्ट्स उत्पादक,
वागळे इस्टेट, ठाणे (पश्चिम)